क्रेडिट दिसतंय म्हणून हुरळू नका: थंडीच्या बिलांबद्दल वाचकांचे प्रश्न

या महिन्यात फराळाच्या ऑर्डरी कुठे द्यायच्या हा एक प्रश्न सोडला तर बाकी सगळी पत्रं गॅस आणि विजेच्या बिलांवर आहेत. साहजिकच आहे म्हणा, इथे ब्रिटनमध्ये ऑक्टोबरच्या शेवटी घड्याळं मागे गेली की चार-साडेचारला अंधार आणि हीटिंग चालू. सगळी पत्रं छापणं शक्य नाही, एकसारखे प्रश्न एकत्र केलेत आणि नावं गाळलीत.

उत्तरांत आकडे येतील ते ऑक्टोबर ते डिसेंबर २०२५ च्या, ऑफजेमच्या (गॅस-विजेचे नियम ठरवणाऱ्या सरकारी संस्थेच्या) प्राइस कॅपचे (कंपन्यांच्या दरांवरच्या कमाल मर्यादेचे), म्हणजे वीज युनिटला (एक किलोवॅट अवर) साधारण २६ पेन्स, गॅस युनिटला ६ पेन्सच्या थोडं वर, आणि दोन्हीचा मिळून स्टँडिंग चार्ज (वापर असो-नसो द्यायचा आकार) रोजचा सुमारे ८८ पेन्स. तुमच्या भागाप्रमाणे थोडं इकडेतिकडे होईल. आणि कॅप ही दरावर असते, बिलावर नाही, हे मी दर वर्षी लिहिते तरी दर वर्षी कोणीतरी विचारतंच की "१,७५५ पौंडांच्या वर बिल कसं काय आलं, कॅप आहे ना?" तो १,७५५ चा आकडा वर्षाला २,७०० युनिट वीज आणि ११,५०० युनिट गॅस वापरणाऱ्या घराचा आहे, तुम्ही जास्त वापरलं तर जास्त येणार.

प्रश्न: ताई, आम्ही एप्रिलमध्ये स्लावला नवीन घरात आलो. महिन्याला १४० पौंड डायरेक्ट डेबिट (बँकेतून आपोआप ठरलेला हप्ता) जातो आणि आता ॲपवर ३१२ पौंड क्रेडिट (जास्तीचे जमा) दिसतंय. नवरा म्हणतो काढून घेऊ, डिसेंबरच्या इंडियाच्या तिकिटात घालू. मी म्हणते राहू दे, थंडीत लागतील. रोज जेवताना हाच विषय. कोण बरोबर?

तुम्ही. पण नवऱ्याला सांगायच्या आधी ॲपवरचं शेवटचं बिल उघडा आणि रीडिंगच्या शेजारी काय लिहिलंय बघा. तिथे ई किंवा एस्टिमेटेड असं असेल तर ते ३१२ पौंड खरे आहेत की नाहीत हेच आपल्याला माहीत नाही. नवीन घरात आलेल्यांचं हे फार होतं, कंपनीकडे तुमच्या वापराचा इतिहास नसतो, मग ते आधीच्या भाडेकरूच्या वापरावरून अंदाज लावतात, आणि आधीचा एकटा राहणारा माणूस असेल नि तुम्ही चौघं असाल, वरून दोघं घरून काम करत असाल, तर अंदाज कुठल्या कुठे जातो. समजा विजेचं खरं रीडिंग अंदाजापेक्षा ६०० युनिट पुढे निघालं, तर ३१२ मधले जवळजवळ १६० पौंड तिथेच गेले. स्मार्ट मीटर आहे म्हणून निर्धास्त राहू नका, बऱ्याच घरांत तो भिंतीवर दिवा लुकलुकवत बसलेला असतो आणि रीडिंग मात्र कंपनीपर्यंत पोचत नसतं. मीटरवर जाऊन आकडा वाचा, मोबाइलवर फोटो काढा, ॲपमध्ये टाका, दोन-तीन दिवसांनी बॅलन्स परत बघा.

आता समजा ३१२ खरेच निघाले. तरी हिशोब असा आहे की सरासरी घराचं वर्षाचं १,७५५ बारा हप्त्यांत वाटलं तर महिन्याला १४६ येतात, पण गॅस काही बारा महिने सारखा जळत नाही, अंदाजे तीन चतुर्थांश गॅस ऑक्टोबर ते मार्च या सहा महिन्यांत जातो. त्या सहा महिन्यांचा खर्च मांडला तर गॅसचे ५४० च्या आसपास, विजेचे ३९०, स्टँडिंग चार्जचे १६०, म्हणजे जवळजवळ १,०९०. तुमच्याकडून त्या काळात जाणार १४० गुणिले सहा, ८४०. फरक अडीचशेचा. हा अडीचशेचा खड्डा उन्हाळ्यात जमलेल्या क्रेडिटनेच भरायचा असतो, डायरेक्ट डेबिटची सगळी गंमतच ती आहे. त्यामुळे ऑक्टोबरच्या सुरुवातीला अडीचशे-तीनशे क्रेडिट असणं म्हणजे तुम्ही श्रीमंत झालात असं नाही, तुम्ही बरोबर जागी आहात एवढंच. तिकिटाला फार तर पन्नास-साठ निघतील आणि तेवढ्यात गॅटविकची टॅक्सीसुद्धा येत नाही.

नवऱ्याचं एक म्हणणं मात्र अगदी बरोबर आहे, पैसे तुमचे आहेत. मागितले तर कंपनीला परत द्यावे लागतात, आणि नाही म्हणायचं असेल तर का नाही हे सांगावं लागतं. ताजं रीडिंग मागतील, ते द्यायचं. फक्त मागायची वेळ ऑक्टोबर नाही, एप्रिल-मे आहे. हीटिंग बंद झाल्यावरही दीडशे-दोनशे पडून असतील तर सरळ मागून घ्या, बहुतेक ठिकाणी त्यावर तुम्हाला व्याज मिळत नाही, उगाच दुसऱ्याच्या खात्यात कशाला ठेवायचे.

जाता जाता उलटं प्रकरणही सांगते. बऱ्याच जणांना याच सुमाराला मेल येते की तुमचा डायरेक्ट डेबिट १४० वरून १९५ करतोय. घाबरून हो म्हणू नका आणि रागावून बँकेत जाऊन डेबिट कॅन्सलही करू नका, केला तर बऱ्याच ठिकाणी तुम्ही महागड्या दरात जाता आणि बाकी थकली की पत्रं सुरू होतात. त्यांना विचारा, हा आकडा कुठून आला, वर्षाचा किती वापर धरलाय. हिशोब दाखवणं त्यांचं काम आहे. बऱ्याचदा पुन्हा तेच निघतं, अंदाजाचं रीडिंग.

प्रश्न: स्विंडनला घर घेतलं, जुनं टेरेस (भिंतीला भिंत लागून असलेलं ओळीतलं घर) आहे. गॅसचं बिल बघून चक्कर आली, उन्हाळ्यात फक्त अंघोळ आणि स्वयंपाक, तरी महिन्याला ७०-७५ पौंड गॅस. शेजारी म्हणतात त्यांचं पंचवीस. कंपनी म्हणते रीडिंग बरोबर आहे. गळती आहे का?

गळती असती तर वास आला असता, आणि वास आला तर बिलाचं नंतर, आधी खिडक्या उघडा, लाइटचं बटण दाबू नका, बाहेर या आणि गॅस इमर्जन्सीला फोन करा. पण तुमचं मला वेगळंच वाटतंय.

मीटरच्या कपाटात टॉर्च घेऊन जा आणि आकड्यांच्या शेजारी काय छापलंय बघा. एम आणि वर छोटा ३ असेल, म्हणजे क्युबिक मीटर, तर मीटर मेट्रिक. एफटी आणि ३ असेल, किंवा क्युबिक फीट असं लिहिलं असेल, तर मीटर जुना, इंपिरियल. साधारणपणे मेट्रिकवर पॉइंटच्या आधी पाच आकडे असतात आणि इंपिरियलवर चार. आता बिलाच्या मागच्या पानावर, जिथे कोणी बघत नाही तिथे, गॅसचे मीटर युनिट किलोवॅट अवरमध्ये कसे केले ते दिलेलं असतं. मेट्रिक मीटरचा एक युनिट म्हणजे अंदाजे ११ किलोवॅट अवर. इंपिरियलचा एक युनिट म्हणजे शंभर घनफूट, तो त्याच्या २.८३ पट मोठा, एकतीसच्या वर जातो. तुमच्या बिलात २.८३ हा आकडा दिसला आणि भिंतीवरचा मीटर मेट्रिक निघाला तर झालं, सापडलं! आधीच्या मालकाने मधे कधीतरी मीटर बदलून घेतला असेल आणि कंपनीच्या रेकॉर्डमध्ये जुनाच राहिला असेल. ७२ ला २.८३ ने भागा, पंचवीस येतात, म्हणजे तुमच्या शेजाऱ्यांचंच बिल. माझा संशय त्यामुळेच.

फोनवर "रीडिंग बरोबर आहे" म्हणतात ते खोटं नाही, रीडिंग बरोबरच आहे, चूक गुणाकारात आहे. म्हणून फोनवर वाद घालत बसू नका, मीटरचा फोटो (सिरियल नंबर आणि युनिट दोन्ही दिसतील असा) मेलने पाठवा आणि सब्जेक्टमध्ये कंप्लेंट हा शब्द लिहा. राहायला आल्यापासूनची सगळी बिलं नव्याने काढून मागा. आणि हो, रीडिंग देताना लाल आकडे किंवा पॉइंटनंतरचे आकडे द्यायचे नाहीत.

उलटी चूकही होते, मीटर इंपिरियल आणि बिल मेट्रिकचं, मग बिल कमी येतं आणि लोक खूश असतात. एक दिवस कंपनीच्या लक्षात येतं. तेव्हा एवढं लक्षात ठेवा की चूक त्यांची असेल तर १२ महिन्यांच्या मागच्या वापराचे पैसे ते तुमच्याकडून घेऊ शकत नाहीत, बॅक बिलिंगचा नियम आहे. पाच वर्षांचे मागितले तर नियमाचं नाव घ्या.

प्रश्न: सासूबाई नाशिकहून सहा महिन्यांसाठी आल्यात. त्यांना सतत थंडी वाजते, थर्मोस्टॅट २५ वर नेऊन ठेवतात, त्यांच्या खोलीत फॅन हीटरही चालू असतो. काही बोललं तर वाईट दिसतं. मिस्टर म्हणतात दिवसभर मंद चालू ठेवलं तर स्वस्त पडतं. खरं का? आणि बेडरूमच्या कोपऱ्यात काळे डाग यायला लागलेत ते वेगळंच. (मिल्टन कीन्स)

मिस्टरांचं खरं नाही. घर जितका वेळ गरम, तितका वेळ उष्णता भिंतींतून बाहेर जाते, त्यामुळे गॅस बॉयलरच्या घरात लागेल तेव्हाच लावणं स्वस्त. पण सासूबाई दिवसभर घरात आहेत, म्हणजे दिवसभर लागणारच आहे, मग हा वाद कशाला घालताय.

थर्मोस्टॅट २५ वर नेल्याने खोली लवकर गरम होत नाही. तो गॅसच्या शेगडीसारखा नसतो, मोठा केला की जास्त ज्योत असं काही नाही, बॉयलर त्याच वेगाने चालतो, फक्त २५ होईपर्यंत थांबत नाही. सासूबाईंना हे त्यांच्या मुलाने सांगावं, सुनेने नाही. २०-२१ वर ठेवा, म्हाताऱ्या माणसाला ते ठीक आहे, १८ च्या खाली मात्र कुठलीच राहती खोली जाऊ देऊ नका.

फॅन हीटर आधी बंद करा. दोन किलोवॅटचा असतो, तासाला ५३ पेन्स, दिवसाला सहा तास धरले तर महिन्याला ९५ पौंड, फक्त त्या एका खोलीचे. तीच ऊब गॅसच्या रेडिएटरकडून घेतली तर पाव खर्चात होते. त्यांच्या खोलीतल्या रेडिएटरचा नॉब पूर्ण उघडा, न वापरत्या खोलीतला १-२ वर आणा, रेडिएटरसमोर पलंग किंवा सोफा असेल तर हलवा, वरून गरम आणि खालून गार लागत असेल तर खाली गाळ असतो, खालून गरम आणि वरून गार असेल तर हवा अडकलीय, किल्लीने काढायची, दोन मिनिटांचं काम. आणि त्यांना एक इलेक्ट्रिक ब्लँकेट आणून द्या, तासाला ३-४ पेन्स. अंथरूण गरम मिळालं की म्हातारी माणसं निम्मी तक्रार विसरतात असा माझा अनुभव आहे.

अजून एक, बॉयलरवर रेडिएटरच्या पाण्याचं तापमान ७५-८० वर असतं, बसवणाराच तसं ठेवून जातो. कॉम्बी बॉयलर (टाकी नसलेला, लागेल तसं पाणी तापवणारा) असेल तर ते ६० वर आणा, कंडेन्सिंग बॉयलर (बाहेर जाणाऱ्या वाफेतली उष्णताही वापरणारा) तेव्हाच नीट काम करतो आणि गॅस वाचतो, खोली तेवढीच गरम होते फक्त थोडी सावकाश. ज्यांच्याकडे गरम पाण्याची टाकी आहे त्यांनी हे करू नका, टाकीतलं पाणी ६० च्या खाली ठेवलं तर त्यात लिजनेला नावाचे जंतू वाढतात.

काळे डाग म्हणजे बुरशी, आणि ती येते वाफेने. कुकरच्या शिट्ट्या, चकल्यांचं तळण, अंघोळीची वाफ, आणि रेडिएटरवर वाळत घातलेले कपडे, हे सगळं पाणी हवेत जाऊन सगळ्यात गार कोपऱ्यात बसतं. स्वयंपाक चालू असताना आणि नंतर पंधरा मिनिटं एक्स्ट्रॅक्टर चालू ठेवा, स्वयंपाकघराचं दार लावून घ्या, कपडे एकाच खोलीत वाळवा आणि तिथली खिडकी फटभर उघडी ठेवा. बिल वाचवायला खिडक्या टेप लावून बंद करणारी घरं मी बघितलीत, त्यांचा पैसा पुढे रंगात आणि मुलांच्या खोकल्यात जातो.

प्रश्न: मी ७४ वर्षांची, लेस्टरला एकटी राहते. गेल्या वर्षी विंटर फ्युएल पेमेंट (थंडीतल्या हीटिंगसाठीची सरकारी मदत) आलं नाही, या वर्षी येणार म्हणतात. परवा मोबाइलवर मेसेज आला की लिंकवर जाऊन बँकेची माहिती भरा. भरू का? स्टेट पेन्शनवरच भागवते, हीटिंग संध्याकाळी दोनच तास लावते.

काकू, त्या लिंकला हात लावू नका, मेसेज पुसून टाका. विंटर फ्युएल पेमेंटसाठी अर्ज करावा लागत नाही, मेसेजवर बँकेची माहिती सरकार मागत नाही, तुमचं पेन्शन ज्या खात्यात येतं तिथेच येतं. गेल्या वर्षी, २०२४ च्या थंडीत, ते फक्त पेन्शन क्रेडिटसारखे (कमी उत्पन्नाच्या पेन्शनरांचे) भत्ते मिळणाऱ्यांनाच दिलं होतं म्हणून तुम्हाला आलं नाही. या वर्षी, २०२५ च्या थंडीत, इंग्लंड-वेल्समध्ये २२ सप्टेंबर १९५९ च्या आधी जन्मलेल्यांना परत मिळणार आहे, तुम्ही ८० च्या आतल्या आणि एकट्या राहता म्हणून २०० पौंड, ८० च्या पुढच्यांना ३००. वर्षाचं उत्पन्न ३५,००० च्या वर असेल त्यांच्याकडून ते टॅक्समधून परत घेतात, तुमचा तो प्रश्न नाही.

तुमच्या पत्रातली मला खटकलेली गोष्ट दुसरीच आहे. स्टेट पेन्शनवरच भागवता म्हणता, मग पेन्शन क्रेडिटसाठी विचारलंय का कधी? एकट्या माणसाचं आठवड्याचं उत्पन्न २२७ पौंड १० पेन्सच्या (हा २०२५-२६ चा आकडा) खाली असेल तर वरचा फरक मिळतो. आपल्याकडच्या बायका, ज्या उशिरा इथे आल्या किंवा मधे नोकरी सोडून मुलांकडे बघत बसल्या, त्यांचं पेन्शन बहुतेकदा पूर्ण नसतं आणि "आपल्याला कशाला सरकारचे पैसे" म्हणून अर्ज करत नाहीत. करा. आठवड्याला दोन-तीन पौंड जरी मंजूर झाले तरी त्याच्या आधारावर बाकीची दारं उघडतात, त्यातलं एक वॉर्म होम डिस्काउंट, विजेच्या बिलात १५० पौंडांची सूट. मागचे तीन महिनेही धरून मिळू शकतात, तेवढं फॉर्म भरताना सांगायचं.

आणि विजेचं बिल कोणाच्या नावावर येतं ते बघा. हे मुद्दाम विचारते कारण तुमच्या वयाच्या बऱ्याच जणींच्या घरी बिल अजून काकांच्या नावावर येत असतं, किंवा मुलाने घर घेतलं म्हणून त्याच्या. १५० पौंडांची सूट बिलावर ज्याचं नाव आहे त्याच्याशी किंवा त्याच्या जोडीदाराशी जुळवून देतात, नाव नसेल तर संगणकाला तुम्ही सापडतच नाही. या वर्षीसाठी २४ ऑगस्ट २०२५ ला नाव काय होतं ते बघतात, त्यामुळे नाव तुमचं नसेल तर या वर्षीचं कदाचित हुकेल, तरी आजच फोन करून बदलून घ्या. त्याच फोनवर सांगा की मला प्रायॉरिटी सर्व्हिसेस रजिस्टरवर घ्या. फुकट असतं, वीज जाणार असेल तर आधी कळवतात, मीटर वाकून बघता येत नसेल तर येऊन वाचून जातात.

आणि दोन तास हीटिंग, हे नको काकू. २०० पौंड त्यासाठीच देतात, सोन्यात घालायला नाही.

प्रश्न: हाय ताई, मी कॉव्हेंट्रीला मास्टर्स करतोय. पाच जण एका घरात, प्रीपेमेंट मीटर (आधी पैसे भरायचे) आहे, मीटरची की (किल्ली) घेऊन दुकानात टॉपअप करतो. २० टाकले की १२ च दिसतात. दुकानदार म्हणतो मशीन बरोबर आहे.

आधीच्या भाडेकरूंचं कर्ज फेडतोयस रे बाबा. प्रीपेमेंट मीटरवर थकबाकी घातलेली असते, ती दर टॉपअपमधून थोडी थोडी कापली जाते, आणि तुम्ही जुनीच की वापरत राहिलात तर मीटरला काय कळणार माणसं बदललीत. कंपनीला फोन कर, टेनन्सी कधी सुरू झाली ते सांग, त्या दिवशीचं रीडिंग दे (नसेल तर एजंटच्या इन्व्हेंटरीत असतं), नवीन की मागवून घे आणि कापलेले पैसे परत माग.

दुसरी शक्यता गॅसची. उन्हाळ्यात घर रिकामं होतं तेव्हा कोणी टॉपअप केलं नाही, तरी स्टँडिंग चार्ज रोज साठत राहतो, तोही पहिल्या टॉपअपमध्ये एकदम कापतात. इमर्जन्सी क्रेडिट (पैसे संपल्यावर मीटरवर मिळणारी उधारी) वापरलं असेल तर ते पण. म्हणून प्रीपेवाल्यांनी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्येच आठवड्याला पाच-पाच जास्तीचे टाकून ठेवायचे, डायरेक्ट डेबिटवाल्यांचं जे आपोआप होतं ते तुम्हाला हाताने करावं लागतं. आणि खाली पाच नावं लिहून फ्रिजवर कागद लावा, कोणी किती टाकले. मैत्री टिकते.

प्रश्न: डिसेंबर मध्यापासून पाच आठवडे पुण्याला चाललोय, भाच्याचं लग्न आहे. बॉयलर पूर्ण बंद करून जाऊ का? डायरेक्ट डेबिट थांबवता येतो का? (रेडिंग)

बॉयलर बंद करू नका. जानेवारीत दोन रात्री उणे चार झालं आणि माळ्यावरचा पाइप फुटला तर लग्नाचा सगळा खर्च कमी वाटेल. थर्मोस्टॅट १२ च्या आसपास ठेवून जा, आणि घराच्या विम्याचे कागद काढून वाचा, काही पॉलिसींमध्ये रिकाम्या घरात किती तापमान ठेवायचं ते लिहिलेलं असतं, नाही ठेवलं तर क्लेम नाकारतात. पाण्याचा स्टॉपकॉक (मुख्य नळ) बंद करायला हरकत नाही, पण त्याआधी बॉयलरवाल्याला एकदा विचारा.

डायरेक्ट डेबिट चालू राहू द्या. तुम्ही नसलात तरी पाच आठवड्यांचा स्टँडिंग चार्जच ३० पौंड होतो. जे वाचेल ते क्रेडिटमध्ये जाईल, फेब्रुवारीत लागेल. निघायच्या दिवशी मीटरचा फोटो आणि आल्यावर दुसरा. इमर्शन हीटरचा (टाकीतलं पाणी विजेवर तापवणाऱ्या) स्विच असतो ना कपाटात, लाल दिवा असलेला, तो बंद आहे ना एवढं बघा. गेली दोन वर्षं मला येणाऱ्या "वीज इतकी कशी?" छाप पत्रांत निम्मी त्या स्विचची असतात.

प्रश्न: हाउन्सलोचं घर जूनमध्ये सोडलं, जुन्या कंपनीकडे १८६ पौंड अडकलेत, फोन उचलत नाहीत. नवऱ्याचं प्रोजेक्ट संपतंय, जानेवारीत कायमचे परत बंगळूरला. पैसे बुडाले का?

बुडाले नाहीत पण घाई करा. खातं बंद झाल्यापासून सहा आठवड्यांत शेवटचं बिल आणि त्यानंतर दहा कामाच्या दिवसांत पैसे परत, असा नियम आहे, आणि तो मोडला तर त्यांनी न मागता भरपाई द्यायची असते. फोन सोडा, लेखी कंप्लेंट करा, त्यात घर सोडल्याची तारीख, दोन्ही मीटरची शेवटची रीडिंग आणि नवीन पत्ता. आठ आठवड्यांत सुटलं नाही तर, किंवा त्यांनीच आधी "आमच्याकडून एवढंच" असं लेखी दिलं तर, एनर्जी ओम्बड्समनकडे (ग्राहक-कंपनी तंटे सोडवणाऱ्या स्वतंत्र संस्थेकडे) जायचं, फुकट आहे, आणि त्यांचा निर्णय तुम्ही मान्य केला की कंपनीला पाळावाच लागतो. आज लिहिलंत तर आठ आठवडे डिसेंबरमध्ये संपतात, म्हणजे या आठवड्यातच लिहा.

आणि इथलं बँक खातं पैसे येईपर्यंत बंद करू नका. परत जाणाऱ्यांची खरी अडचण इथे होते, खातं बंद केलेलं, कंपनी चेक पाठवते जुन्या पत्त्यावर, पौंडांतला चेक बंगळूरला वटवायला गेलं की बँक महिना लावते आणि वर चार्ज लावते. सध्या राहताय त्या घराच्या बिलाचंही आत्ताच बघा, निघायच्या आधी दोन महिने ताजं रीडिंग देऊन क्रेडिट कमीत कमी करून ठेवा, मागे काही राहणारच नाही असं.

कंपनीच बुडाली तर, असंही दोघांनी विचारलंय. २०२१ मध्ये ओळीने बऱ्याच बुडाल्या होत्या, तेव्हा ऑफजेमने ग्राहक दुसऱ्या कंपन्यांकडे दिले आणि घरगुती ग्राहकांचं क्रेडिट सुरक्षित राहिलं. तसं झालं तर स्वतःहून कंपनी बदलू नका, डेबिट कॅन्सल करू नका, रीडिंगचा आणि बॅलन्सचा फोटो काढून ठेवा आणि नवीन कंपनीच्या पत्राची वाट बघा.

थोडक्यात दोन

फिक्स (ठरावीक मुदतीपुरता दर पक्का करणारा करार) घ्यावं का, हे बर्मिंगहॅमच्या वाचकांना: फिक्सचा युनिट दर आणि स्टँडिंग चार्ज दोन्ही कॅपच्या खाली असतील तर घ्या, नुसता महिन्याचा हप्ता बघून घेऊ नका, हप्ता ते कितीही कमी दाखवू शकतात. एक्झिट फी (मुदतीआधी सोडल्याचा आकार) विचारा. फिक्स संपायला ४९ दिवस राहिले की ती लागत नाही.

व्हिसावर नो रिकोर्स टु पब्लिक फंड्स (सरकारी भत्ते घेता येणार नाहीत) असं लिहिलंय त्यांना वॉर्म होम डिस्काउंट मिळेल का, हे क्रॉयडनहून: ती सूट बेनिफिट मिळणाऱ्यांसाठी आहे आणि ते बेनिफिट तुम्हाला घेता येत नाहीत, चुकून अर्ज केला तर पुढे व्हिसाला त्रास होतो, म्हणून कुठलाही फॉर्म भरायच्या आधी सिटिझन्स ॲडव्हाइसला (फुकट सल्ला देणाऱ्या संस्थेला) विचारा. प्राइस कॅप, क्रेडिट परत मागणं, बॅक बिलिंग, ओम्बड्समन, हे सगळं मात्र तुम्हालाही लागू आहे, त्याला व्हिसा कोणी विचारत नाही.

पुढच्या अंकासाठी पत्रं १० नोव्हेंबरपर्यंत. बिलाचा फोटो जोडलात तर मागचं पानही जोडा, आणि अकाउंट नंबर झाकून पाठवा.